ताणावरची बोटं

टायपिंगच्या क्लासात माणसं शिकायला जातात. आम्ही विसरायला जायचो. खोटं वाटत असेल तर सत्तर सालच्या आसपास नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला टायपिंग शिकलेल्या कुठल्याही बाईला विचारा. आता ती माझ्यासारखीच पेन्शन खात, गुडघे चोळत बसली असेल. "रामटेके सर" असं नुसतं म्हणा, ती आधी हसेल आणि मग म्हणेल, "विसरून येजो!"

हे सरांचं वाक्य. आपली बोटं जरा कुठं रुळायला लागली, ओळ सरसर कागदावर उतरायला लागली, की मागून सरांचा तळहात यायचा आणि अलगद मशीनच्या सरकत्या कॅरेजवर बसायचा. मशीन गप्प.

"उठ आता. घरी जा. विसरून येजो."

"सर, आत्ता कुठं हात बसून राहिला माझा!"

"म्हणूनच उठ म्हणून राहिलो ना वं."

कपाळ माझं! मी उठायची आणि जिना उतरताना मनातल्या मनात सरांच्या नावानं बोटं मोडायची. फी पूर्ण महिन्याची घेतात आणि बसू मात्र देत नाहीत, असा माझा स्वच्छ हिशेब होता. वडिलांनाही मी हेच सांगितलं होतं. वडील म्हणाले, "मग घरी बस." म्हणून निमूट जायची.

क्लास एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर होता. खाली रिमवर हातोडी, वर आमची खडखड, आणि या दोन्हींच्या मध्ये जिन्यात बसून शेंगदाणे खाणारी पोट्टी. सर उंचीला बेताचे, अंगानं बारीक, पांढरा बुशशर्ट नेहमी बाहेर सोडलेला. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली घड्याळ, आणि घड्याळाखाली सरांची खुर्ची, जिच्यावर सर कधी बसलेले मी पाहिले नाहीत. ते सारखे आमच्या पाठीमागून फिरायचे. आवाज कधी चढला नाही, पण एवढ्या खडखडीतही त्यांचं हळू बोलणं बरोबर ज्याचं त्याला ऐकू जायचं. रागावले तरी "हुशार आहेस गा" एवढंच म्हणायचे. ते ज्याला म्हटलं त्याला दोन दिवस जेवण जायचं नाही.

सगळ्या मशीन जुन्या, लिलावातून उचललेल्या, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. सरांनी त्यांना नावं दिली होती. एक 'म्हातारी', तिची अक्षरं जोर लावल्याशिवाय उठत नसत. एक 'चुगलखोर', तिची घंटी ओळ संपायच्या बरीच आधी वाजायची. एक 'सासूबाई', तिच्याबद्दल जास्त सांगत नाही. आणि एक 'लाडाची', नुसतं बोट टेकवलं की पळणारी. आता तुम्हीच सांगा, आल्या आल्या कोण कुठं धावणार? पण सरांच्याकडे रोज मशीन बदलायची. काल लाडाची मिळाली, तर आज म्हातारी. पुढच्या वेळी सासूबाई. आपली मशीन म्हणून कुणाची काही नाही.

कागदाचंही तेच. बाकीच्या क्लासात एकच उतारा महिनाभर गिरवून घ्यायचे. इथं उताऱ्याच्या चार ओळी झाल्या की सर कागद ओढून घ्यायचे आणि पुढ्यात एखादा सरकारी पत्राचा मसुदा ठेवायचे. पत्र 'महोदय' वरून जरा पुढं सरकलं की आकड्यांचा तक्ता. तक्ता अर्धा झाला की पुन्हा उतारा, तोही नवाच. बोटांचा नुसता गोंधळ. घरी येऊन मी ताटाच्या काठावर बोटं आपटत बसायची, तर आई म्हणायची, "काय वं, भूत लागलं का?"

सरांना ही पद्धत कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. ते स्वतः तसेच शिकले होते. तरुणपणी ते एका गिरणीच्या कचेरीत कागद इकडून तिकडं पोचवायच्या कामावर होते. टायपिंग शिकायची भारी हौस, पण मशीनला हात लावायची सोय नव्हती. तिथला एक म्हातारा क्लार्क दयाळू. तो डबा खायला उठला की म्हणायचा, "बस गा तेवढा वेळ." डबा मोठा असला तर वेळ जास्त, नुसतीच भाजी-भाकर असली तर कमी. आणि मशीन कोणती, तर जिचा मालक जेवायला गेला ती. मध्येच चार-आठ दिवस एकही मशीन रिकामी मिळायची नाही. "मले वाटे, आता विसरलो सारं," सर सांगायचे. "मंग बसलो का बोटं चाचपत चाचपत बरोबर जागेवर जात. अन् गेली का मंग तिथून हलत नव्हती. तिथंच समजलं मले. शिकणं बसल्यानं होत नाही. उठून पुन्हा बसल्यानं होते."

हे ते फार गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. पण आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोचा, यशोदाबाईंचा आवाज यायचा, "पोरायले शिकवता ते ठीक आहे, पण मीठ आणाले सांगितलं होतं, ते बी विसरूनच आले ना!" सगळा क्लास फिसकन हसायचा. सर शांतपणे म्हणायचे, "चालू द्या गा, चालू द्या," आणि पिशवी घेऊन जिना उतरायचे.

मला त्यांची पद्धत पटली ती माझं नाक कापलं गेलं तेव्हा. मी कुणाचं ऐकणारी नव्हेच. मामाच्या कचेरीत जाऊन, संध्याकाळी एकच उतारा घोटून घोटून मी असा बसवला की डोळे मिटून मारू शकेन. मग ऐटीत क्लासात येऊन सरांना तो करून दाखवला. सर्वांनी मशीन थांबवून पाहिलं. सर म्हणाले, "हुशार आहेस वं," आणि खिशातून त्या दिवशीच्या वर्तमानपत्राची घडी काढून पुढ्यात ठेवली. "आता हे मार." बाप्पा रे! पहिल्याच ओळीत माझी अशी फजिती झाली की खालचा सायकलवालाही ऐकत असावा असं वाटलं. सरांनी मला सासूबाईवर बसवलं, एवढंच.

पण मला सांगायचंय ते सुलोचनाबाईंचं.

त्या आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, उंच, अबोल. डोक्यावरचा पदर टाइप करतानाही पडू द्यायच्या नाहीत. नवरा नागपुरात एका सरकारी कचेरीत क्लार्क होता, तो काविळीनं गेला. पदरात एक लहान मुलगी, बेबी. कचेरीतले लोक चांगले, त्यांनी नवऱ्याच्या जागी बाईंना घेतलं. पण अट अशी की ठरलेल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास झाली पाहिजे, नाहीतर जागा गेली. बाई एकदा दुसऱ्या एका क्लासातून परीक्षेला बसून नापास झाल्या होत्या. आता एकच संधी उरली होती. ती गेली की सासरे दोघींना काटोलला घेऊन जाणार, हे ठरलेलं होतं. सासरे काही वाईट नव्हते. संत्र्याचा बगीचा होता, खायला-प्यायला कमी नव्हतं. पण बाईंना स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, आणि बेबीला नागपूरच्या शाळेत शिकवायचं होतं. एवढं एकच त्यांनी आम्हाला कधीतरी सांगितलं होतं, तेही जिन्यात, अगदी हळू.

सरांच्या हाताखाली त्या आल्या आणि त्यांचा वेग वाढायच्या ऐवजी घसरला. आधीच्या क्लासात एका मशीनवर एक उतारा त्या झपाझप मारायच्या. इथं रोज मशीन नवी, कागद नवा, आणि जमायला लागलं की "उठा बाई, विसरून येजा." एक दिवस त्या म्हातारीसमोर बसल्या होत्या, आणि हात मांडीवर घेऊन रडायला लागल्या.

"मले तिथं येत होतं सर. इथं येऊनच नाही राहिलं."

सर त्यांच्या बाजूला उभे राहिले. म्हणाले, "तिथं त्या मशीनले येत होतं, बाई. तुमाले नव्हतं येत. तुमाले आता येऊन राहिलं, म्हणून जड जाते."

मला तेव्हा सरांचा संताप आला. रडणाऱ्या बाईला असं बोलतात का कोणी? पण बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा म्हातारीवर बोट ठेवलं.

त्या थंडीत एक दिवस त्यांचे सासरे क्लासात आले. दाजीबा. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, खांद्यावर संत्र्यांचं पोतं. काटोलच्या पहिल्या एसटीनं निघाले असावेत. पोतं दारात टेकवलं आणि भिंतीला टेकून ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत सरांनी सुनेचा कागद बदलला, मग पुन्हा बदलला, मग तिला उठवून दुसऱ्या मशीनवर बसवलं, आणि शेवटी तिला घरी जायला सांगितलं. दाजीबांचा संयम संपला.

"मास्तर, हे काय करून राहिले गा तुमी? सुनेले उठवता अन् बसवता, उठवता अन् बसवता! तिथल्या क्लासात पाह्यलं होतं मी, मशीन कशी पळे तिची. अन् इथं तं चालून बी नाई राहिली. थे काई नाई. मी नेतो तिले तिथंच."

सगळ्या मशीन थांबल्या. सुलोचनाबाई खाली मान घालून उभ्या. एका शब्दानं त्यांचं सगळं इकडचं तिकडं होणार होतं.

सर समजावून सांगायला लागले. आता सर शिकवण्यात हुशार, पण समजावण्यात अगदीच कच्चे. "पाहा दाजी, विसरलं का आठवावं लागते. आठवलं का ते पक्कं होते. विसरलंच नाही तं आठवणार काय?" दाजीबा त्यांच्याकडे असे पाहत होते की हा माणूस शुद्धीवर आहे का. "रोज तेच तेच केलं," सर पुढं म्हणाले, "तं वरून दिसते चांगलं, पण आत काही धरत नाही. म्हणून मधात सोडून द्याचं. कोमेजू द्याचं जरा. मंग पुन्हा..."

"थांबा!" दाजीबा म्हणाले. त्यांचा चेहराच बदलला. "थांबा गा. म्हंजे ताण देऊन राहिले तुमी!"

आता गोंधळायची पाळी सरांची. "ताण?"

"अरे, ताण! बगीच्याले नाई का देत?" दाजीबा आता भिंतीपासून सुटून मधोमध आले, आणि आम्हा सगळ्या शहरी अडाण्यांकडे वळून सांगू लागले. "संत्र्याचं पाणी तोडतो आमी. मुद्दाम. पानं कोमेजते, पिवळी पडते. रस्त्यानं जाणारा म्हंते, मेला याचा बगीचा. पण आमाले माईत रायते ना. मंग पाणी सोडलं का असा फुलते, असा फुलते का पान दिसत नाई! अन् रोज पाणी पाजत बसलं तं? नुसता पाला. हिरवागार दिसते, पण बार धरत नाई, फळ येत नाई." मग सरांकडे वळून म्हणाले, "असं सांगा ना मंग मास्तर, सून ताणावर सोडली म्हून! काहून उगाच विसरणं अन् आठवणं लावलं?"

सर इतके मोठ्यानं हसले की यशोदाबाई आतून धावत आल्या. मी सरांना तसं हसताना त्या एकाच दिवशी पाहिलं.

पण जाता जाता दाजीबा दारात थांबले. "एक आयका पण. ताण जास्त झाला तं झाड मरते बी. पाणी कवा सोडाचं, थे कळलं पायजे."

सरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्या दिवशी पोतं सोडून सगळ्यांना संत्री वाटली, आणि हात धुतल्याशिवाय मशीनला शिवायचं नाही म्हणून सर दारात तांब्या घेऊन उभे राहिले, पण मनातून ते कुठंतरी विचार करत होते. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी सुलोचनाबाईंच्या वेळा बदलल्या. आधी एक दिवसाआड बोलवायचे, मग परीक्षा जवळ आली तसं रोज, आणि शेवटी सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. बसणं थोडंच, पण सारखं. "पाणी सुटलं वं बाईंचं," आम्ही पोरी कुजबुजायचो. त्यांची बोटं खरोखर सुटली. आम्ही आपापल्या मशीन थांबवून ऐकायचो, इतकी.

परीक्षा सीताबर्डीच्या एका शाळेत. त्या काळी क्लासवाल्यांनी आपापल्या मशीन तिथं न्यायच्या असत. सायकलरिक्षात मशीन, मशीनच्या मध्ये यशोदाबाईंच्या गोधड्या, आणि रिक्षाच्या मागं सर पायी, एक हात मशीनवर ठेवून. माझी परीक्षा दुसऱ्या पाळीत होती. सुलोचनाबाई पहिल्या पाळीला आत गेल्या. बाहेर लिंबाखाली सर, दाजीबा आणि मी. मास्तरांना आत प्रवेश नसे.

घंटा व्हायच्या आधी एक शिपाई बाहेर आला. "सक्करदऱ्याचा क्लास कोणाचा? तुमच्या एका बाईंच्या मशीनचा पट्टा तुटला. कॅरेजच सरकत नाही. साहेबांनी दुसरी मशीन द्यायला सांगितली आहे. दुसऱ्या क्लासची आहे, जादाची."

"कोणती बाई?" दाजीबांनी विचारलं.

"त्या पदरवाल्या."

दाजीबा मटकन खाली बसले. "झालं. परकी मशीन! बैलाचं दावं बदललं तं बैल खात नाई, अन् हे तं..." सर मात्र शिपायाला म्हणाले, "हो, चालेल म्हणा." मग दाजीबांच्या बाजूला, तसेच मातीत बसले. बुशशर्टाचीही पर्वा केली नाही. "दाजी, आमच्याइथं कोणती मशीन तिची होती? सगळ्याच परक्या होत्या." असं ते म्हणाले खरे, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. मला दिसला.

आत घंटा झाली आणि खडखड सुरू झाली.

सुलोचनाबाई बाहेर आल्या त्या पदर सावरत, नेहमीसारख्याच. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे. त्यांना वाटलं असावं आपलं काही चुकलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मशीन!" मी ओरडले. "दुसरी मशीन दिली ना तुम्हाला!"

"हो," त्या म्हणाल्या. "खुर्ची जरा उंच होती. बाकी काही नाही."

त्या पास झाल्या. नुसत्या नाही, चांगल्या गुणांनी. पण कायमचा हुकूम निघायला कचेरीनं नेहमीप्रमाणे महिने लावले. तोवर त्यांना बारनिशीत आल्या-गेल्या कागदांची नोंद करायला बसवलं होतं. मशीनला हात लागत नव्हता. पुढं एकदाचा हुकूम हातात पडला, उद्यापासून टायपिंगच्या टेबलावर, आणि बाई घाबरून क्लासात आल्या. "सर, मी सारं विसरली असंन." सरांनी त्यांना लाडाचीवर बसवलं. लाडाची! इतके दिवस सरांनी त्यांना ती मुद्दाम कधी दिली नव्हती. पहिल्या दोन ओळी चाचपत गेल्या, आणि मग बोटांनी जी वाट धरली ती पानाच्या शेवटपर्यंत. सरांनी त्या दिवशी कॅरेजवर हात ठेवला नाही.

नंतर मी लग्न होऊन अमरावतीला गेले, बँकेत लागले, आणि त्या बोटांवर नोकरी केली. सरांची भेट क्वचितच व्हायची. शेवटची भेट झाली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, बेबीच्या लग्नात. बेबी तोवर शिकून एका शाळेत मास्तरीण झाली होती. सक्करदऱ्याजवळच्या हॉलमध्ये मांडव, दाजीबा पार वाकलेले, पण आवाज तोच. सुलोचनाबाई हेडक्लार्क झाल्या होत्या. लाल काठाचं पातळ, पदर मात्र जागच्या जागी. सर आणि यशोदाबाई पाचव्या-सहाव्या रांगेत, कडेच्या खुर्च्यांवर बसले होते. सर फार थकले होते.

अंतरपाट धरला. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामाला बोलवा. मुलीला घेऊन या."

सुलोचनाबाईंना भाऊ नाही. हे मला माहीत होतं, मांडवातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. एखादा चुलतभाऊ उभा करतील असं वाटलं. तसा एक जण उठायलाही लागला होता. तेवढ्यात दाजीबा काठी टेकत पुढं आले.

"मास्तर! रामटेके मास्तर! उठा ना गा, काहून बसले तिथं?"

दोन-चार माना वळल्या. कोणीतरी कुणाच्या कानात काहीतरी बोललं. दाजीबांनी त्या बाजूला एकदाच पाहिलं, आणि ते बोलणं बंद झालं.

सर अर्धवट उठले. "अहो दाजी, मी? मले काय येते त्यातलं?"

"त्यात याचं काय हाय? भाचीचा हात धराचा अन् चालाचं."

सुलोचनाबाईंनी बाजूला सरून वाट करून दिली. यशोदाबाईंनी सरांना कोपरानं ढोसलं. मी तर सरळ रडत होते, लपवायचं काय त्यात. सरांनी चपला खुर्चीखाली सारल्या. खिशातून रुमाल काढला, आणि आपली म्हातारी बोटं एकेक करून स्वच्छ पुसली. मग ते नववधूच्या खोलीकडे गेले आणि बेबीचा हात धरून, हळूहळू, सगळ्या मांडवादेखत तिला घेऊन आले.